वाट दिसत असताना वाटाड्या कशाला?

इक्वेडोरमधल्या चिंबोरासो या ज्वालामुखीच्या अंगावर दोन निवारे आहेत. खालचा सुमारे ४,८५० मीटरवर. तिथवर गाडी जाते. वरचा साधारण ५,००० मीटरवर. तिथे पोचायला खालून पाऊणएक तास धापा टाकत चालावं लागतं. वरच्याला एडवर्ड व्हिंपर या इंग्रज गिर्यारोहकाचं नाव आहे, खालच्याला कॅरेल मंडळींचं. ४ जानेवारी १८८० रोजी हे शिखर पहिल्यांदा सर झालं, तेव्हा व्हिंपरच्या दोराला ज्याँ-आंत्वान आणि लुई कॅरेल हे दोघे बांधलेले होते. दोघेही इटलीच्या आल्प्समधले पगारी मार्गदर्शक. साहेब वर आणि वाटाड्या खाली, अशी उतरंड नावं देणाऱ्यांच्या मनात होती की नाही कोण जाणे. पण अँडीजच्या उंच ज्वालामुखींवर आज मार्गदर्शकांचा जो व्यवसाय उभा आहे, त्याच्या बऱ्याच गाठी त्या तिघांच्या दोरातच पडलेल्या दिसतात.

आपण सह्याद्रीत वाटाड्या घेतो तो वाट चुकू नये म्हणून. नळीच्या वाटेनं हरिश्चंद्रगडावर जायला आम्ही एकदा बेलपाड्यातून माणूस घेतला होता. निघतानाच तो म्हणाला, "बारापर्यंत निम्म्यात नाही पोचलो तर मी मागं फिरणार. पैसे तेवढेच." आम्ही हसलो. वाट दाखवायला घेतलेला माणूस परतीची वेळ आधी सांगतो, याची तेव्हा गंमत वाटली होती. आता अँडीजबद्दल वाचताना, तिथे जाऊन आलेल्यांशी बोलताना ते वाक्य पुन्हापुन्हा आठवतं. कारण ज्वालामुखीवर वाट शोधायची फारशी गरजच नसते. पेरूमधल्या अरेकिपा शहरात भर चौकात उभं राहिलं तरी ५,८२२ मीटरचा मिस्ती पायथ्यापासून टोकापर्यंत दिसतो, लहान मुलानं काढलेल्या डोंगरासारखा. मग तिथे माणूस कशासाठी घ्यायचा?

डोंगराचा हा आकार कुठून आला, तेही आपल्या संदर्भात पाहण्यासारखं आहे. सह्याद्रीसुद्धा लाव्ह्याचाच. पण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा तो लाव्हा पातळ होता, भेगांतून निघाला आणि दूरवर पसरत थरावर थर साचत गेला. म्हणून आपल्याकडे कडे आहेत, पठारं आहेत, पण शंकू नाहीत. अँडीजखाली समुद्रतळ खंडाच्या पोटात घुसतो आणि तिथला शिलारस जास्त चिकट असतो. तो तोंडाशीच साचतो, राख आणि दगड उडवतो, पुन्हा साचतो. त्या खडकाला नावच मुळी अँडेसाइट. म्हणजे बेसाल्टवर वाढलेला मराठी ट्रेकर तिथे गेला की पायाखालचा दगडसुद्धा ओळखीचा नसतो. हाताला पक्की पकड देणारा कातळ नाही. भुसभुशीत राख आणि सैल धोंडे, दोन पावलं वर तर एक खाली. त्यावर, जिथे असेल तिथे, बर्फ.

हा बर्फ आणि त्याची उंची, यावर सगळा हिशेब फिरतो. किलिमांजारो करून आलेली बरीच मराठी माणसं आता ओळखीत निघतात. किलिमांजारो ५,८९५ मीटर आणि इक्वेडोरचा कोटोपाक्सी ५,८९७. फरक दोन मीटरचा, म्हणून अनुभवही तसाच असेल असं वाटतं. इथेच पहिली चूक होते. किलिमांजारोच्या रुळलेल्या वाटांवर शेवटपर्यंत चालत जाता येतं. कोटोपाक्सीवर निवाऱ्यापासून थोडं वर गेलं की हिमनदी लागते. बुटांना क्रॅम्पॉन, हातात आइस अ‍ॅक्स, कमरेला हार्नेस, आणि बर्फातल्या भेगांमुळे दोर. शिवाय किलिमांजारोवर सहा-सात दिवस सावकाश चढत जातात. कोटोपाक्सीचा शेवटचा टप्पा एका रात्रीत उरकतात. उंचीशी जुळवून घेण्याचं काम आधीच, दुसरीकडे कुठेतरी, झालेलं असावं लागतं.

इक्वेडोरमध्ये त्यासाठी जणू शिडीच आहे. राजधानी किटो २,८५० मीटरवर. तिथून केबल कारनं सुमारे ३,९५० मीटरपर्यंत जायचं आणि पुढे चालत रुकू पिचिंचा, ४,६९६. मग इलिनिसा नॉर्ते, ५,१२६. हा खडकाळ, बहुतेक वेळा दोराविना होणारा. त्यानंतर कायांबे (५,७९०) किंवा कोटोपाक्सी, आणि सर्वांत शेवटी चिंबोरासो, ६,२६३. विषुववृत्तावर पृथ्वीचं पोट फुगलेलं असल्यामुळे चिंबोरासोचं टोक पृथ्वीच्या केंद्रापासून सर्वांत दूर आहे, एव्हरेस्टपेक्षाही सुमारे दोन किलोमीटरनं. हे वाक्य तिथल्या प्रत्येक पत्रकात असतं आणि त्यापायी बरेच जण आधीच्या पायऱ्या गाळून थेट शेवटच्या पायरीवर उडी मारू पाहतात. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्मा असतो. शरीर पत्रक वाचत नाही.

हिमनदी असलेल्या शिखरांवर इक्वेडोरमध्ये परदेशी पर्यटकाला मान्यताप्राप्त मार्गदर्शक घ्यावाच लागतो. राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकावर तशी नोंद होते. मार्गदर्शकांची देशपातळीवरची संघटना आहे, प्रशिक्षण काही वर्षांचं आहे. पेरू आणि बोलिव्हियाच्या संघटनांप्रमाणे तीही मार्गदर्शकांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाशी जोडलेली आहे. म्हणजे तिथला माणूस दोर लावण्यात आल्प्समधल्या शामोनीच्या माणसापेक्षा कमी नाही. आपल्याकडचे काही जण त्याला 'शेर्पा' म्हणतात, ते चूक आहे. तो सामान वाहत नाही, वर जाऊन तंबू लावत नाही, पाठीवर तुमचा ऑक्सिजन घेत नाही. तो दोराच्या एका टोकाला असतो आणि तुम्ही दुसऱ्या.

त्याचं काम पाहायचं तर कोटोपाक्सीच्या निवाऱ्यातली रात्र पाहावी. संध्याकाळी सहालाच जेवण देऊन सगळ्यांना झोपायला पाठवतात. ४,८०० मीटरच्या वर झोप कसली लागतेय. बंकबेडवर पन्नासेक माणसं एकमेकांचे उसासे ऐकत पडून असतात. अकराच्या सुमारास हेडटॉर्च लुकलुकायला लागतात. पाव, चहा, कुणाला तेही जात नाही. मार्गदर्शक या वेळी फारसा बोलत नाही, बघत असतो. बुटाची नाडी बांधायला कुणाला किती वेळ लागतोय, कोण एकच हातमोजा दोनदा शोधतोय, कोण गप्प झालाय. दुपारी त्यानं खालच्या बर्फावर तुम्हाला क्रॅम्पॉननं चालायला लावलेलं असतं, त्यात शिकवणं कमी आणि परीक्षाच जास्त होती. बर्फाच्या काठाशी आलं की तो दोर बांधतो. बहुतेक वेळा दोन गिऱ्हाइकं आणि एक मार्गदर्शक. चढताना तो सर्वांत पुढे असतो, उतरताना सर्वांत मागे, म्हणजे वर. खालचा कुणी घसरला तर त्याला वरून धरता यावं म्हणून. आणि सारखा एकच शब्द, 'देस्पासियो'. हळू. ज्याला स्पॅनिशचं अवाक्षर येत नाही त्यालाही पहाटेपर्यंत हा शब्द पाठ होतो.

मध्यरात्री निघण्याचं कारण सूर्य. विषुववृत्ताजवळ तो उगवला की सरळ डोक्यावरच चढतो. रात्री गोठून कडक झालेला बर्फ नऊ-दहा वाजेपर्यंत मऊ पडतो, भेगांवरचे बर्फाचे पूल सैल होतात, वरून दगड सुटतात. म्हणून सकाळी लवकरच्या ठरावीक वेळेला, जिथे असाल तिथून, परत फिरायचं. शिखर शंभर मीटरवर दिसत असलं तरी. अँडीजमध्ये मार्गदर्शक विकतो ती वस्तू मुख्यतः ही आहे: वेळ. पायवाट आदल्या दिवशीच्या लोकांच्या पावलांनी उमटलेली असतेच. पण 'आता पुरे' हे वाक्य स्वतःला सांगणं फार कठीण असतं, विशेषतः रजा संपत आली असेल आणि विमानाचं भाडं अंगावर असेल तेव्हा.

इथे मात्र व्यवहाराची एक अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. दोरावर दोन गिऱ्हाइकं असली आणि एकाचं डोकं दुखू लागलं, उलट्या सुरू झाल्या, तर तिघंही खाली येतात. दुसरा ठणठणीत असला तरी. एकट्याला बर्फात सोडता येत नाही. त्या दुसऱ्याचे पैसे, त्याचं वर्षभराचं पळणं, सगळं एका अनोळखी माणसाच्या पोटावर अवलंबून. म्हणून अनुभवी मंडळी शेवटच्या शिखरासाठी एकास एक मार्गदर्शक घेतात, जास्त पैसे देऊन. दुसऱ्या बाजूला मार्गदर्शकालाही दबाव असतो. गिऱ्हाइकाला वर नेलं तर पुढचं गिऱ्हाईक येतं. स्वस्तात नेणाऱ्याकडे दोराला तीन-तीन माणसं लावण्याचा मोह असतो. माझ्या मते, कुणाकडून जायचं हे ठरवताना 'किती जणांना शिखरावर नेलं' हा प्रश्न निरुपयोगी आहे. विचारायचं ते हे: मागच्या मोसमात किती वेळा परत फिरलात आणि का? जो चटकन उत्तर देतो, त्याच्याबरोबर जावं.

उंचीच्या आणि वेळेच्या या नियमांतलं व्हिंपरनं १८८० मध्ये काहीच पाळलं नव्हतं. साधारण पाच हजार मीटरवरच्या तळावर तो आणि दोन्ही कॅरेल, तिघंही, डोकेदुखीनं आणि तापानं आडवे झाले होते. श्वास तोंडानंच घ्यावा लागत होता. उंचीचा त्रास मार्गदर्शकाला ओळखत नाही, हा धडा अँडीजनं असा पहिल्याच दिवशी दिला. शिखराच्या दिवशी चिंबोरासोच्या दोन घुमटांमधल्या मऊ बर्फात ते कमरेपर्यंत रुतले, बर्फ झोडपत, दाबत, रांगत पुढे गेले. एका घुमटावर चढल्यावर कळलं की दुसरा उंच आहे. माथा गाठेपर्यंत दुपार टळली आणि तळावर परतेपर्यंत अंधार पडला. लुईचे पाय हिमदंशानं बाधले. आजचा कुठलाही शहाणा मार्गदर्शक त्यांना सकाळीच मागे वळवून घेऊन आला असता. आजही त्याच जागी पेच पडतो. पहिल्या घुमटाला व्हेंतिमिया म्हणतात. तिथे पोचलेल्यांतले बरेच जण खऱ्या माथ्यापर्यंत जात नाहीत. अंतर मोठं नाही, पण मधला बर्फ एक तर मऊ असतो किंवा त्याचे पात्यांसारखे उभे सुळके झालेले असतात. घरी सांगताना 'चिंबोरासो केला' असंच सांगतात. मला त्यात फारसं वावगं वाटत नाही.

मार्गदर्शकाची गरज अलीकडे वाढते आहे, त्याला आणखी एक कारण आहे: डोंगर बदलतो आहे. इक्वेडोरच्या हिमनद्या गेल्या काही दशकांत झपाट्यानं मागे सरकल्या. चिंबोरासोवर एके काळी बर्फात घट्ट धरलेले दगड आता उघडे पडून सुटतात, म्हणून जुनी व्हिंपर वाट मागे पडली आणि लोक एल कास्तियो नावाच्या कड्याच्या बाजूनं जातात. तिथेही दगडांच्या माऱ्याखालून एक आडवा टप्पा अंधारातच, थंडी आहे तोवर, भराभर पार करावा लागतो. हिमनदीवरच्या वाटा दर मोसमात बदलतात. मागच्या वर्षी जाऊन आलेल्या मित्राच्या जीपीएसवरची रेघ या वर्षी एखाद्या भेगेत जाऊन पोचू शकते. बर्फाचा राग जुनाच आहे म्हणा. कायांबेच्या निवाऱ्याला १९७४ साली हिमप्रपातात गेलेल्या तीन गिर्यारोहकांची नावं आहेत. १० नोव्हेंबर १९९३ रोजी चिंबोरासोवर हिमप्रपातात दहा जण गेले.

आणि हे सगळं ज्वालामुखीवर चाललेलं असतं, हे अधूनमधून विसरायला होतं. कोटोपाक्सी ऑगस्ट २०१५ मध्ये जागा झाला आणि दोन वर्षांहून जास्त काळ चढाई बंद राहिली. ऑक्टोबर २०२२ मध्ये तो पुन्हा धुमसू लागला आणि पुन्हा कुलूप. तिथल्या शेकडो माणसांचं पोट या एका डोंगरावर. तो धुरावला की मार्गदर्शक कायांबेकडे वळतात, निवाऱ्यातला स्वयंपाकी घरी बसतो. डोंगरावर नजर ठेवायला भूकंपमापक आहेत, वायुमापक आहेत, किटोची भूभौतिकी संस्था आहे. पण उपकरणांची हमी किती धरायची? १४ जानेवारी १९९३ रोजी कोलंबियातल्या गालेरासच्या विवरात शास्त्रज्ञांचा गट उतरला होता; परिषदेसाठी जमलेली, ज्वालामुखीचंच शास्त्र जाणणारी माणसं. स्फोट झाला आणि नऊ जण गेले. सहा शास्त्रज्ञ, तीन पर्यटक. चढाई बंद असताना 'मी नेतो गुपचूप' म्हणणारा कुणी भेटला, तर एवढी एक गोष्ट आठवावी.

दक्षिणेला, चिली-अर्जेंटिनाच्या सीमेवर, मामला पूर्ण वेगळा आहे. ६,८९३ मीटरचा ओहोस देल सालादो हा जगातला सर्वांत उंच ज्वालामुखी. १९३७ साली दोन पोलिश गिर्यारोहक त्यावर पहिल्यांदा पोचले. (अर्जेंटिनातला आकोंकाग्वा त्याहून उंच, ६,९६१ मीटर, पण तो आज ज्वालामुखी नाही. मुंबईच्या काम्या कार्तिकेयननं फेब्रुवारी २०२० मध्ये बाराव्या वर्षी तो सर केला.) ओहोसवर हिमनदीचा प्रश्न जवळजवळ नाही, आटाकामाच्या वाळवंटाचा कोरडेपणा, वारा आणि थंडी आहे. चिलीच्या बाजूनं ५,८०० मीटरच्या आसपासच्या तेहोस निवाऱ्यापर्यंत चारचाकी पोचते; गाड्यांच्या विक्रमांचा तर वेगळाच नाद आहे, २००७ मध्ये दोन चिलियन एका छोट्या सुझुकी जीपमधून ६,६८८ मीटरपर्यंत गेले. दोर लागतो तो शेवटच्या काही मीटरांच्या खडकात. म्हणजे इथे मार्गदर्शक म्हणजे खरं तर ड्रायव्हर, पाणी, चूल आणि सॅटेलाइट फोन. परदेशी माणसाला सीमेवरच्या डोंगरांसाठी चिली सरकारचा परवाना लागतो, तोही तोच काढून देतो. सर्वांत जवळचं मोठं गाव कोपियापो, अख्ख्या दिवसाच्या अंतरावर. 'सात खंडांचे सात ज्वालामुखी' ही यादी पुरी करणाऱ्यांची इथे रीघ असते. कोलकात्याचा सत्यरूप सिद्धांत यानं जानेवारी २०१९ मध्ये अंटार्क्टिकात ती यादी संपवली.

याच पट्ट्यात, शेजारच्या त्रेस क्रुसेसवर, मल्ली मस्तान बाबू गेला. आंध्रातल्या नेल्लोर जिल्ह्यातला हा मुलगा २००६ साली सातही खंडांची सर्वोच्च शिखरं १७२ दिवसांत करून आलेला, अँडीजचा जाणकार. २४ मार्च २०१५ रोजी तो तळावरून एकटा वर निघाला, हवा बिघडली, आणि एप्रिलच्या सुरुवातीला शोधपथकाला त्याचा देहच सापडला. मार्गदर्शक असता तर वाचला असता, असं म्हणणं सोपं आहे आणि ते कुणी म्हणू नये. एकट्यानं जाण्याचा अधिकार त्यानं अनेक डोंगरांवर कमावला होता. पण त्या माळावर हाक ऐकू जाईल इतक्या अंतरावर कुणीच नसतं, एवढं त्याच्या गोष्टीतून कळतं.

पेरू-बोलिव्हियाबद्दल थोडक्यात. अरेकिपाजवळचा चचानी, ६,०५७ मीटर, 'सोपा सहाहजारी' म्हणून विकला जातो, कारण जीप पाच हजारांच्या जवळपास नेऊन सोडते. लेहहून स्टोक कांगरी करून आलेल्या मराठी पोरांना हे समीकरण ठाऊक आहे. स्टोक कांगरी २०२० मध्ये बंद झाल्यावर 'पहिला सहाहजारी' शोधणारे आता इतके लांबही जाऊ लागलेत. बोलिव्हियाच्या सहामावर, ६,५४२ मीटरवर, २००१ साली लोकांनी चक्क फुटबॉलचा सामना खेळला. करणाऱ्यांनी केलं, आपण काय बोलणार.

या भागातल्या लोकांना डोंगरावर चढायला परकीयांनी शिकवलं, असा समज मात्र खोडून काढायला हवा. अर्जेंटिनातल्या युयायाको या ज्वालामुखीच्या ६,७३९ मीटरच्या माथ्याजवळ १९९९ साली इंकांनी बळी दिलेल्या तीन मुलांचे गोठलेले देह मिळाले, पाचशे वर्षांपूर्वीचे. त्या मुलांना कुणीतरी हाताला धरून तिथवर नेलं असणार. चार वर्षं आधी, सप्टेंबर १९९५ मध्ये, पेरूतल्या आम्पातोवर 'हुआनिता' सापडली, अशाच एका मुलीचा गोठलेला देह. शेजारच्या साबानकाया ज्वालामुखीची गरम राख पडून वरचा बर्फ वितळला होता. जोहान राइनहार्ड या मानववंशशास्त्रज्ञाचं नाव जगभर झालं. दोराच्या दुसऱ्या टोकाला होता मिगेल साराते, अरेकिपाचा मार्गदर्शक. चिंबोरासोवर बाल्तासार उश्का नावाचा माणूस अलीकडेपर्यंत हयात होता. हिमनदीतून कुऱ्हाडीनं बर्फाच्या लाद्या काढायच्या, गवतात गुंडाळायच्या, गाढवावर लादून रियोबाम्बाच्या बाजारात सरबतवाल्यांना विकायच्या. कुठलाही क्रॅम्पॉन नाही. २०२४ मध्ये तो गेला. बोलिव्हियात ऐमारा बायका वर्षानुवर्षं तळावर गिऱ्हाइकांसाठी रांधत होत्या, सामान वाहत होत्या, नवरे मार्गदर्शक. डिसेंबर २०१५ मध्ये त्यांतल्या काहींनी घोळदार घागऱ्यांवरच हार्नेस बांधला आणि हुआयना पोतोसी चढल्या. जानेवारी २०१९ मध्ये आकोंकाग्वा. आता त्यांतल्या काही स्वतःच लोकांना वर नेतात. आपल्याकडे नऊवारी नेसून गड चढणाऱ्या बायकांचे फोटो कौतुकानं छापले जातात. या बायका फोटोसाठी नेसत नाहीत. तो त्यांचा रोजचा वेश आहे आणि तो शहरात हिणवला गेलेला आहे.

इथून जाणाऱ्यानं काय तयारी करावी, याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दार्जिलिंग किंवा उत्तरकाशीचा गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स झालेला असेल तर उत्तम. नसेल तर किमान दोरावर चालण्याची सवय. स्पॅनिशची वीस वाक्यं. नेपाळसारखं हेलिकॉप्टर बोलावलं की येईल, हे इथे गृहीत धरू नये. आणि दोन-तीन मोकळे दिवस. सगळ्यात जास्त शिखरं हवेपायी जातात, पायांपायी नाही.

कॅरेलचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. १८६५ मध्ये मॅटरहॉर्नवर हाच ज्याँ-आंत्वान व्हिंपरचा प्रतिस्पर्धी होता. व्हिंपर पहिला पोचला, कॅरेल तीन दिवसांनी, इटलीच्या बाजूनं. पंधरा वर्षांनी त्याच व्हिंपरनं त्याला अँडीजला नेलं. ऑगस्ट १८९० मध्ये, साठी ओलांडलेला कॅरेल एका तरुण गिऱ्हाइकाला घेऊन पुन्हा मॅटरहॉर्नवर गेला. वादळ आलं, निवाऱ्यात अडकून पडावं लागलं, मग त्यानं उतरायचा निर्णय घेतला आणि त्या हवेत तासन्‌तास राबून गिऱ्हाइकाला खालच्या कुरणाशी आणलं. धोका संपल्यावर तो बसला आणि उठलाच नाही. गिऱ्हाईक वाचलं. व्हिंपरचं अँडीजवरचं पुस्तक त्यानंतर छापून आलं. चिंबोरासोवरून उतरणारे लोक आता कॅरेलच्या निवाऱ्यात येऊन क्रॅम्पॉन सोडतात, कोकाचा चहा मागवतात आणि गाडीची वाट बघतात.